हवाई हद्द बंद झाल्याच्या बातम्या वारंवार प्रवास करणाऱ्याने कशा वाचाव्यात?

वाकडी_वाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त मला दर काही महिन्यांनी युरोपात आणि अधूनमधून अमेरिकेला जावे लागते. राहायला पुण्यात असल्यामुळे प्रवास बहुतेक वेळा मुंबईहून होतो, पण कंपनीने तिकीट काढले की दिल्लीमार्गे जाणेही नशिबी येते. ‘अमुक देशाने हवाई हद्द बंद केली’, ‘शेकडो विमानांचे मार्ग बदलले’ असे मथळे सतत समोर येतात आणि मी ते सगळे वाचतोही. मात्र बातमी वाचून झाल्यावर माझ्या पुढच्या तिकिटाचे काय करायचे, हे मला अजिबात उमगत नाही.

उदाहरण देतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्याच्या विमानाला व्हिएन्नाला इंधनासाठी थांबावे लागले. मी मात्र त्याच सुमारास मुंबईहून एका युरोपीय कंपनीच्या विमानाने गेलो आणि मला काहीही जाणवले नाही. पुढे १३ जून २०२५ रोजी इराणची हद्द बंद झाली, त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून परत फिरल्याचे वाचले. म्हणजे एका वेळी दिल्लीकरांना फटका आणि दुसऱ्या वेळी मुंबईकरांना, असे का होते?

शिवाय युरोपीय कंपन्यांनी चीनच्या फेऱ्या बंद केल्या आणि चिनी कंपन्यांच्या मात्र चालू आहेत, असेही वाचनात आले. या सगळ्यामागे काहीतरी सूत्र असणारच. जाणकारांनी ते उलगडून सांगावे, आणि अशा बातमीत नेमके काय शोधायचे व तिकीट काढताना त्याचा उपयोग कसा करायचा, हेही सांगावे, ही विनंती.

धावपट्टी_२७

वाकडी_वाट, आपला प्रश्न नेमका आहे. माझी नोकरी एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात झाली. वैमानिकाच्या हाती जो मार्ग आणि इंधनाचा हिशेब पडतो तो तयार करण्याचे काम आम्ही करत असू. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मथळ्यात ‘हद्द बंद’ एवढेच असते, आणि वाचणाऱ्याला वाटते की आकाशाला कुलूप लागले. प्रत्यक्षात लढाईमुळे काही काळ सगळे आकाशच बंद होण्याचे प्रसंग सोडले, तर देशादेशांच्या भांडणातली बंदी बहुधा सर्वांसाठी नसते. म्हणून बातमीत सर्वांत आधी ‘कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर शोधावे. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व असते. दुसऱ्याच्या विमानाने त्यातून जायचे तर ती परवानगीची बाब आहे, हक्काची नव्हे. परवानगी देताना आणि काढून घेताना विमान कोणत्या देशाचे आहे, हे पाहिले जाते. प्रवासी कुठला आहे याला तिथे काही महत्त्व नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी घातलेली बंदी भारतात नोंदलेल्या आणि भारतीय कंपन्यांनी चालवलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या विमानांवर होती. ३० एप्रिलला भारताने तशीच बंदी पाकिस्तानी विमानांवर घातली. जर्मन, फ्रेंच, आखाती कंपन्या त्या आदेशात नव्हत्या. मे महिन्याच्या सुरुवातीला काही युरोपीय कंपन्यांनी आपणहून तो मार्ग टाळला, पण तो त्यांचा निर्णय होता आणि तो त्या कधीही बदलू शकत होत्या.

आता दिल्ली आणि मुंबई यांतला फरक. नकाशा समोर ठेवलात तर तो लगेच दिसेल. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेले विमान थोड्याच वेळात पाकिस्तानच्या सीमेला भिडते. ती वाट बंद झाली की त्याला आधी नैर्ऋत्येला राजस्थान-गुजरातवरून खाली यावे लागते, अरबी समुद्र गाठावा लागतो, मस्कतच्या बाजूने वळावे लागते आणि तिथून पुढे पुन्हा उत्तर धरावी लागते. मुंबईहून निघालेले विमान मुळातच समुद्रावर असते, त्यामुळे त्याचा वळसा किरकोळ ठरतो. पण याच कारणाने मुंबईचे विमान ओमान, इराण, इराक, सौदी या पट्ट्यावर अधिक अवलंबून असते. तो पट्टा अडला की मुंबई अडते. आपण म्हणता तो १३ जूनचा प्रसंग त्यातलाच. त्यानंतर दहा दिवसांनी, २३ जूनच्या संध्याकाळी, कतार, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि कुवेत यांनी काही तासांसाठी आकाश बंद केले, तेव्हा दोहाला कनेक्टिंग विमान पकडणाऱ्या जगभरच्या प्रवाशांची वाताहत झाली.

वळसा म्हणजे केवळ वेळ नव्हे, हे वर्तमानपत्रे क्वचितच सांगतात. बोइंग ७७७ सारखे मोठे विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळते. एक तास वाढला की तेवढे इंधन जादा भरावे लागते, आणि ते जादा इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते. विमानाच्या कमाल वजनाला मर्यादा असल्यामुळे मग माल उतरवायचा, काही आसने रिकामी ठेवायची, किंवा वाटेत उतरून टाकी भरायची, एवढेच पर्याय उरतात. त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. म्हणून व्हिएन्नासारख्या थांब्यावर इंधनाबरोबर कर्मचारीही बदलावे लागतात. प्रवासी आसनातच बसून राहतात आणि बाहेर अख्खी पाळी बदललेली असते. छोट्या विमानांना तर हा पर्यायही परवडत नाही. इंडिगोने एप्रिल २०२५ च्या अखेरीस दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदच्या फेऱ्या थांबवल्या, कारण वळसा घालून तिथे पोहोचणे त्यांच्याकडच्या विमानांच्या पल्ल्याबाहेरचे झाले. नकाशावर ताश्कंद दिल्लीपासून दुबईहून जवळ आहे, हे लक्षात घेतले तर यातली गंमत कळते. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, त्यामागे विमानांची कमतरता होती, तसेच ही बंदीही होती.

अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, असेही नेहमी नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपले दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले, तरी प्रवास सुमारे दोन तासांनी लवकर आटोपू लागला, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा पाठीशी मिळाला.

‘कोणाला’ नंतरचा प्रश्न ‘केव्हापर्यंत’. बंदी नोटॅम नावाच्या सूचनेने जाहीर होते आणि तीत सुरुवातीची व शेवटची वेळ जागतिक प्रमाण वेळेत दिलेली असते. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. पाकिस्तान-भारत बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढवली गेली आणि वाढ बहुधा २३-२४ तारखेच्या आधी जाहीर होत असे. दर महिन्याला छापून येणारी ‘बंदी वाढवली’ ही बातमी त्यामुळे नवी नसते. कंपन्यांनी ती गृहीत धरूनच वेळापत्रक आखलेले असते. उलट अचानक, काही तासांची मुदत घालून निघालेली नोटॅम दिसली तर त्या दिवसापुरते खरोखर सावध व्हावे.

हेलसिंकीकर

धावपट्टी_२७ यांनी पाकिस्तानबद्दल लिहिले, मी रशियाबद्दल लिहितो, कारण मी ज्या शहरात राहतो त्याचे विमानतळ या एका प्रश्नाने बदलून गेले.

फिनएअर या कंपनीने आपला सारा व्यवसाय एका भौगोलिक सत्यावर उभा केला होता: युरोपातून जपान, कोरिया, चीनकडे जाणारा जवळचा रस्ता हेलसिंकीच्या डोक्यावरून आणि सायबेरियावरून जातो. टोकियो साडेनऊ तासांत गाठता येत असे. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले आणि रशियाने लगोलग ३६ देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. रातोरात हेलसिंकी आडवाटेला पडले. त्याच वर्षी ९ मार्चला टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली ती उत्तर ध्रुवावरून, आणि प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला.

मी त्या मार्गाने गेलो आहे. समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहणे हाच एक अनुभव होता: विमानाचे छोटे चित्र सरळ वर सरकत राहते, नॉर्वेचा किनारा मागे पडतो, स्वालबार्ड मागे पडते, आणि मग बराच वेळ पडद्यावर कोणत्याही गावाचे नाव नसते. ध्रुव ओलांडल्यावर उत्तरेकडे चाललेले विमान दिशा न बदलता दक्षिणेकडे जाऊ लागते. त्यानंतर अलास्का, बेरिंग समुद्र आणि जपान. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र कंपनी प्रवाशांना देत असे आणि मोठी माणसेही ते जपून पिशवीत ठेवताना दिसत.

गंमत अशी की हा मार्ग नवा नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचे आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळपास बंदच होते, त्यामुळे युरोप–जपान विमाने अलास्कातल्या अँकोरेजला थांबून जात. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने १९५७ साली कोपनहेगन–अँकोरेज–टोकियो अशी सेवा सुरू केली. १९८३ मध्ये फिनएअरने जास्तीचे इंधन मावेल असे डीसी-१० विमान वापरून हेलसिंकी–टोकियो हे अंतर ध्रुवाच्या बाजूने न थांबता कापून दाखवले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकोरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि साखालिनजवळ पाडले गेले. २६९ माणसे गेली. नागरी विमानावर शस्त्र चालवू नये असे शिकागो करारात स्पष्टपणे लिहिले गेले ते यानंतर, १९८४ साली. पुढे सोव्हिएत संघ मोडकळीस आला, सायबेरियाचा रस्ता मोकळा झाला आणि अँकोरेजच्या प्रतीक्षागृहातली वर्दळ ओसरली. आताच्या पिढीला जी अडचण अभूतपूर्व वाटते, ती आधीच्या पिढीसाठी नेहमीची व्यवस्था होती.

ध्रुवावरून जाताना विमान कंपनीला बऱ्याच गोष्टींची तजवीज करावी लागते. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठते, त्यामुळे टाकीतल्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. वाटेत बिघाड झाला तर उतरायचे कुठे, हे आधीच ठरवावे लागते, आणि उतरावे लागलेच तर त्या थंडीत बाहेर पडता यावे म्हणून खास पोशाख विमानात ठेवले जातात. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र तेरा तास म्हणजे एक जेवण जास्त आणि एक झोप जास्त.

चीनबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. रशियाने चीन, भारत, आखाती देश यांच्या विमानांना बंदी केलेली नाही. त्यामुळे लंडन–बीजिंग मार्गावर चिनी कंपनीचे विमान सरळ जाते आणि ब्रिटिश कंपनीचे विमान दक्षिणेकडून वळसा घालते. इंधन जास्त, वेळ जास्त, तिकीट महाग. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश एअरवेजने बीजिंगची सेवा आणि लुफ्थांझाने फ्रँकफर्ट–बीजिंग सेवा बंद केली, व्हर्जिन अटलांटिकने शांघाय सोडले. चीनमधली मागणी घटली हेही कारण होते, पण प्रतिस्पर्धी काही तास आधी पोहोचत असेल तर प्रवासी थांबत नाहीत.

बोरघाट

माहिती उत्तम आहे, पण मला वेगळेच म्हणायचे आहे. रशियावरून जाणे स्वस्त आणि जलद आहे म्हणून ते चांगलेच, असे गृहीत धरले जात आहे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. छोटे शहर, पुरेशी हॉटेले नाहीत, म्हणून लोकांची सोय वसतिगृहे, शाळा अशा ठिकाणी करावी लागली. मुंबईहून दुसरे विमान पाठवावे लागले आणि मंडळी अमेरिकेला पोहोचली ती ८ तारखेला. त्यात अमेरिकेचे नागरिकही होते, आणि त्या काळात रशियात अडकून पडणे त्यांच्यासाठी किती अवघड गोष्ट होती, याची कल्पना करावी.

विमान सुखरूप उतरले, यात वैमानिकांचे कौतुकच आहे. परंतु तिकीट काढताना आपण फक्त किंमत आणि तास पाहतो, खाली कोणता देश आहे हे पाहत नाही. पहावे, एवढेच माझे म्हणणे. वृद्ध आई-वडिलांना एकटे पाठवत असाल तर दोन तास जास्त लागले तरी चालतील.

कलम१९

वर सर्वांनी मार्गांबद्दल लिहिले. मी पैशांबद्दल आणि हक्कांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण वकिलीत अशी प्रकरणे माझ्याकडे येतात.

हद्द बंद झाल्यामुळे विमान रद्द झाले तर नुकसानभरपाई मिळेल, अशी आशा धरू नये. युरोपीय संघाच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत लांब पल्ल्यासाठी ६०० युरोपर्यंत भरपाई आहे, पण ‘असाधारण परिस्थिती’त ती लागू होत नाही आणि युद्धजन्य बंदी ही त्याच सदरात मोडते. लोक इथेच थांबतात आणि पुढचे वाचत नाहीत. भरपाईचा हक्क गेला तरी जेवण, राहण्याची सोय आणि पर्यायी विमान यांचा हक्क जात नाही. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपात सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली होती. त्या वेळी अडकलेल्या एका प्रवासी महिलेच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी स्पष्ट केले की परिस्थिती कितीही असाधारण असली तरी प्रवाशाची काळजी घेण्याची जबाबदारी कायम राहते आणि तिला दिवसांची किंवा रकमेची मर्यादा नाही.

हा नियम लागू कोणाला, हे मात्र नीट पाहावे. युरोपीय संघातून निघणारे कोणतेही विमान त्यात येते. भारतातून युरोपात जाणारे विमान कंपनी युरोपीय असेल तरच येते. मुंबई–फ्रँकफर्ट प्रवास लुफ्थांझाने केला तर संरक्षण आहे, एअर इंडियाने केला तर जाताना नाही आणि येताना आहे. कोडशेअर तिकिटावर, म्हणजे एका कंपनीने विकलेल्या पण दुसरीच कंपनी विमान चालवते अशा तिकिटावर, विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे लहान अक्षरांत लिहिलेले असते आणि कायद्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे असते. धावपट्टी_२७ यांच्या ‘कोणाला’ या प्रश्नाचे उत्तरही त्याच ओळीत सापडते, हा योगायोग नव्हे.

दुसरी बाब पीएनआरची. एका पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे पुढचे चुकले तरी अंतिम ठिकाणी पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळी तिकिटे काढून चार-पाच हजार वाचवले आणि वळशामुळे पहिले विमान दोन तास उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी आपल्याला ‘गैरहजर’ ठरवून मोकळी होते. मागे मी स्वतः एका कंपनीकडे हॉटेलच्या खर्चाची मागणी केली होती, तेव्हा त्यांनी भरपाई नाकारण्याचा ठरावीक मजकूर पाठवून दिला. मी भरपाई मागतच नव्हतो. पावत्या जोडून ‘काळजीचा हक्क’ हेच शब्द वापरून पुन्हा लिहिल्यावर पैसे आले. पावत्या मात्र सगळ्या ठेवाव्यात, पाण्याच्या बाटलीचीसुद्धा.

प्रवास विम्यात युद्धाचा अपवाद बहुधा असतोच, आणि बातमी जाहीर झाल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या घटनेसाठी उपयोगी पडत नाही. विमा घ्यायचा तर तिकिटाबरोबरच घ्यावा.

वाकडी_वाट

सर्वांचे मनापासून आभार. बोरघाट यांचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे.

अजून दोन शंका आहेत. पहिली, उंचीचे काय? ‘तीस हजार फुटांवरून विमान जाते, खालच्या लढाईचा काय संबंध’, असे आमचे काका नेहमी म्हणतात. दुसरी, अलीकडे जीपीएसमध्ये ढवळाढवळ होत असल्याच्या बातम्या येतात. त्याने विमान भरकटते का?

आणि एक व्यवहाराचा प्रश्न: पुढच्या महिन्यात स्टॉकहोमला जायचे आहे. दोहामार्गे एक तिकीट आहे, त्यात दोहाला जेमतेम सव्वा तास मिळतो. दुसरे फ्रँकफर्टमार्गे आहे आणि थोडे महाग आहे.

धावपट्टी_२७

काकांना १७ जुलै २०१४ ची आठवण करून द्यावी. पूर्व युक्रेनवरचे आकाश त्या दिवशी ३२,००० फुटांपर्यंत बंद होते आणि त्यावर मोकळे होते. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ नियमात राहून ३३,००० फुटांवरून जात होते. ते जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मृत्युमुखी पडली. डच चौकशीचा निष्कर्ष होता की ते आकाश पूर्णपणे बंद करायला पुरेसे कारण होते. खांद्यावरून सोडायचे क्षेपणास्त्र तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही, पण वाहनावरून सोडायचे सहज पोहोचते. म्हणून आंशिक बंदीची बातमी आली की मी ती पूर्ण बंदीपेक्षा अधिक गंभीरपणे वाचतो. पूर्ण बंदीत विमान तिथे जातच नाही. आंशिक बंदीत कंपनीच्या विवेकावर सोडलेले असते. युरोपची सुरक्षा संस्था संघर्षग्रस्त क्षेत्रांबद्दल स्वतंत्र पत्रके काढते, ती कोणालाही वाचता येतात आणि मथळ्यांपेक्षा पुष्कळ शांतपणे लिहिलेली असतात.

जीपीएसचे म्हणाल तर विमान केवळ त्यावर चालत नाही. त्यात स्वतःची जडत्वावर चालणारी यंत्रणा असते, जमिनीवरचे रेडिओ दीपस्तंभ असतात, आणि नियंत्रक रडारवर पाहत असतो. जास्त त्रास होतो तो उतरताना, आणि तोही जिथे दुसरी सोय नसते तिथे. २०२४ मध्ये फिनएअरने एस्टोनियातल्या टार्टूची सेवा एप्रिलच्या शेवटापासून महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती. पर्यायी पद्धत बसवल्यावर सेवा पुन्हा सुरू झाली. फ्रँकफर्ट, स्टॉकहोमसारख्या विमानतळांवर ही अडचण नाही. मात्र मोबाइलवरच्या विमान-दर्शक ॲपमध्ये आपले विमान अचानक भलत्याच ठिकाणी गोल फिरताना दिसले, तर घरच्यांनी घाबरू नये. फसवे संकेत त्या चित्रातही दिसतात.

स्टॉकहोमसाठी मी फ्रँकफर्टचे तिकीट घेईन. दोहा वाईट आहे म्हणून नव्हे. आखातातला एकही मार्ग थोडा सरकला तर सव्वा तास पुरत नाही. दोहामार्गेच जायचे असेल तर तीन तासांचा अवधी असलेली जोडणी मागावी. कंपनीचे लेखा खाते किमतीवरून कुरकुर करेल, तर कलम१९ यांचा तो मुद्दा पुढे करावा: फ्रँकफर्टमार्गे युरोपीय कंपनीने गेलात तर मुंबईहून निघाल्यापासून हक्क लागू असतात, दोहामार्गे आखाती कंपनीने गेलात तर ते फक्त स्टॉकहोमहून परत येताना लागू होतात. निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी विमानाचा क्रमांक टाकून ते मागचे काही दिवस किती वाजता पोहोचत आहे, एवढे पाहावे. वेळापत्रकात छापलेल्या वेळेपेक्षा तो आकडा अधिक खरा असतो.